खोबरेल आणि लाल दिवा

रेबेकाबाई पाटोळे रागावल्या नाहीत असा एकही दिवस मी त्या सहा आठवड्यांत पाहिला नाही. माझा उजवा खांदा आखडला होता. रोज सकाळी साडेनऊला नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जायचं आणि फिजिओथेरपी विभागाच्या भिंतीवरचं लोखंडी चाक तासभर फिरवायचं, एवढंच माझं काम होतं. चाकासमोर काचेची खोली होती. काचेपलीकडे रेबेकाबाई रागावत असत आणि अलीकडे मी चाक फिरवत असे. म्हणून यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही रागातच.

बाई विभागात मदतनीस होत्या. वय छप्पन्न, ठेंगण्या, रुंद, मनगटं पुरुषासारखी. उजव्या मनगटात बांगड्यांच्या वर पाच-सहा रबरबँड असत. मुलांचं पाऊल बुटात बसवायचं, पट्टे आवळायचे, गुडघा धरायचा, घाम पुसायचा, चड्डी ओली झाली तर बदलायची, ही सगळी त्यांची कामं. विभागातले सगळे त्यांना मावशी म्हणत. रागवायला त्यांना मोठं कारण लागत नसे. दवाखान्याच्या उताराला कुणीतरी ऑइलपेंट लावून तो गुळगुळीत केला होता, त्यावर त्या दोन वर्षं रागावलेल्या होत्या. अपंगांच्या दाखल्याचं टेबल पहिल्या मजल्यावर होतं, त्यावर त्याहून जास्त. एकदा एका बापाने मुलाला दोन नंबर मोठे बूट आणले, म्हणजे दोन वर्षं पुरतील. बाईंनी तो बूट त्याच्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाय? बूट हाय का होडी?"

"वाढतं वय आहे, मावशी."

"वाढंल तवा वाढंल. त्याला आज चालायचंय. तुम्ही घालून बघा तुमच्या दादाचा बूट अन् पळा बसस्टँडपतूर."

बाप हसला आणि बूट बदलून आणायला गेला. बाई हसल्या नाहीत.

हा राग कुठून आला होता ते मला जेम्सला भेटल्यावर कळलं. जेम्स त्यांचा धाकटा भाऊ. कोपरगावजवळच्या एका वस्तीवर तो जन्मला तेव्हा रडला नाही. दाईने त्याला उलटं धरलं, पाठीत चापट्या मारल्या, बऱ्याच वेळाने एक बारीक आवाज निघाला. सात वर्षांच्या रेबेकाने तो दाराबाहेरून ऐकला. त्या मधल्या वेळात मेंदूला हवा कमी पडली होती. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. वडील आमोस साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. त्यांनी ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने पोलिओ सांगितला आणि पोलिओला इलाज नाही हेही सांगितलं. शाळेत मास्तर घेईनात, कारण तो सरपटत यायचा आणि वर्गात माती आणायचा. मग रेबेका त्याला पाठीवर घेऊन जाऊ लागली. त्यात तिची मॅट्रिक राहिली. घरी पिठाच्या डब्याला टेकवून तिने त्याला उभं केलं, एकेक पाऊल हाताने उचलून पुढे ठेवलं. कुणी शिकवलं नव्हतं. जेम्स चौदाव्या वर्षी भिंत धरून अंगण ओलांडू लागला. तोवर त्याचे गुडघे वाकलेलेच घट्ट बसले होते.

"तीन-चार वरसाचं काम हुतं ते," बाई म्हणाल्या. "कुनी नुसतं सांगितलं असतं, की पोरी, तू करतीस ते बरोबर हाय, रोज कर. एवढंच. एवढं सांगायला सुद्धा कुनी न्हवतं."

त्या नगरला दवाखान्यात कामाला लागल्या ते याच कारणाने. एकतीस वर्षं झाली. जेम्स त्यांच्याबरोबर राहतो, कुबड्यांवर चालतो आणि मोबाईल दुरुस्त करतो. बोलणं जड आहे, शब्द ओढत येतात, पण जीभ बहिणीपेक्षा तिखट. संध्याकाळी बाई घरी आल्या की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "रेबे, आज कुनाला खाल्लंस?"

काचेच्या खोलीत गेल्या वर्षापासून एक अभ्यास चालू होता. पुण्याचे एक मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे फक्त सर म्हणत, तो चालवत. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यातून दोन वायरी निघत, वायरींच्या टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. ते रबरी पट्ट्याने मुलाच्या डोक्यावर ठरावीक जागी बांधायचे. वीस मिनिटं अगदी सौम्य करंट, मुंग्या आल्यासारखं वाटेल इतकाच. मेंदूचा जो भाग पाय हलवतो तो त्याने जागा व्हायला मदत होते का, हे पाहायचं होतं. त्याच वेळी मूल ट्रेडमिलवर चालायचं. छताला अडकवलेल्या पट्ट्यांची झोळी त्याचं निम्मं वजन पेलायची आणि रेबेकाबाई खाली स्टुलावर बसून एकेक पाऊल हाताने बरोबर जागी ठेवायच्या. काही मुलांना खरा करंट मिळे. काहींना सुरुवातीचं अर्धं मिनिट देऊन तो गुपचूप बंद होई. कुणाला काय मिळतं हे मुलाला, आईबापांना, करंट देणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्ट निकितालाही कळत नसे. तुलना करायची तर ते तसंच हवं.

मला ते पटलं होतं. बाईंनाही पटलं होतं, त्यांच्या पद्धतीने. "डोक्यात करंट घाला न्हाईतर नका घालू," त्या म्हणत, "पाय तर मलाच उचलायचाय."

पण खरी गोष्ट त्यांनी मला एकदा हळू आवाजात सांगितली. अभ्यासाआधी मुलांना आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं व्यायाम मिळायचा. अभ्यासात आलेल्या मुलाला सलग दोन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज चालायला मिळायचं. यंत्राने काय होतं ते सर ठरवतील. रोजच्या चालण्याने काय होतं ते बाईंना पिठाच्या डब्यापासून माहीत होतं. म्हणून त्या यंत्राची वायर अशा जपत जणू तीच मुलाचा हात धरून त्याला आत आणत होती.

नियम होता. दहापैकी तीन दिवस बुडाले की मुलाचं नाव कमी.

इन्शा आली तो गुरुवार होता. सात वर्षांची, भिंगारची. चवड्यांवर चालायची, गुडघे एकमेकांना घासत, दोन पावलांनंतर पाय कात्रीसारखे अडकत आणि ती कुणाच्या तरी अंगावर पडे. बाप दिलावर नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशिनवर, त्या आठवड्यात पहिली पाळी. आई बाळंतपणाला माहेरी. घेऊन आली होती दादी, मेहताबबी. वाळलेली, उंच, नाकात चांदीची चमकी. उघड्या रिक्षातून आल्यामुळे इन्शाचे केस चारी दिशांना उडालेले, वर धुळीचा थर.

निकिताने स्पंज बांधले. यंत्रावर हिरवा दिवा लागला. म्हणजे स्पंज डोक्याला नीट टेकले आहेत, करंटला वाट आहे. झोळी वर ओढली गेली, पट्टा सरकू लागला, बाईंनी दोन्ही घोटे धरले.

आठव्या की नवव्या मिनिटाला बाईंचा आवाज काचेतून ऐकू आला. "टाच! टाच टेकली! निकिता, बघ ना, तिकडं काय बघतीस डब्याकडं!"

इन्शाने खाली पाहिलं. "मावशी, मला पट्टा गार लागला."

तिच्या टाचेला जमीन कशी लागते हे तिला माहीत नव्हतं, असा त्या वाक्याचा अर्थ लावायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

बाईंना आनंद झाला की त्या जास्त रागावत. झोळी सोडता सोडता त्यांनी मेहताबबीला धरलं. "बी, ही पोरगी हाय का झाडू? काय ह्ये केस!"

"रिक्षात वारं लागलं ओ बाई. आई न्हाई तिची घरी. कोपरगावला गेलीय माहेरी."

"कोपरगाव? मग आमच्याकडचीच की. तिला सांगू का मी, तुज्या सासूनं तुज्या पोरीचं काय केलं ते?"

"अल्ला! असं नका करू. आधीच म्हणत असंल, माझ्या माघारी पोरीकडं बघनार न्हाईत."

"मग उद्यापास्नं नीट आवरून आणायची. हितं पुण्याचे डॉक्टर येत्यात, फोटो काढत्यात. आपलं लेकरू रस्त्यावरून उचलून आणल्यागत दिसायला न्हाई पायजे."

शुक्रवारी इन्शा आवरून आली. मधोमध सरळ भांग, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, डोळ्यांत काजळ. डोकं असं चमकत होतं की वरच्या ट्यूबलाइटचा पट्टा त्यात दिसावा. बाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. "आता कसं!"

निकिताने भांग पाडून कापसाने कातडी पुसली, स्पंज बांधले, बटण दाबलं. लाल दिवा.

स्पंज पुन्हा भिजवले. लाल. वायर बदलली, बॅटरी बदलली. एकदा हिरवा लागला, अर्ध्या मिनिटात पुन्हा लाल. वीस मिनिटं अशीच गेली. निकिता पुण्याच्या कॉलेजातून नुकतीच पास होऊन आलेली, हुशार, भित्री. ती म्हणाली, "आजचं सत्र रद्द."

"रद्द तर रद्द," बाई म्हणाल्या. "करंट ऱ्हाऊ दे. मी चालवते तिला."

"नाही मावशी. करंटशिवाय चालवलं तर मोजणी बिघडते."

"म्हंजी?"

"म्हणजे अभ्यासातल्या मुलाने बाकी कुठलाच व्यायाम घ्यायचा नाही. नियम आहे."

मी चाक थांबवलं होतं. ट्रेडमिल तिथे होती. झोळी लटकत होती. मूल होतं, बाई होत्या, पुढची दहा मिनिटं दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि इन्शाला तिचे बूट परत घालून रिक्षात बसवण्यात आलं, कारण डब्यावरचा दिवा लाल होता.

सोमवारी इन्शाचं डोकं शुक्रवारपेक्षाही चमकत होतं. लाल. निकिता जरा चिडून म्हणाली, "आजी, केस धुवून आणत जा."

"काल धुतले की, डॉक्टरबाई. शिकेकाईनं धुतले."

मंगळवारी वेण्या इतक्या चापून घातल्या होत्या की इन्शाच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. लाल. तिसरा दिवस बुडाला.

"मावशी, मला झोळीत घाला ना," इन्शा म्हणाली. "मी आज टाच टेकवते."

बाई निकितासमोर उभ्या राहिल्या. "पट्टा हाय, पोरगी हाय, मी हाय. कमी काय हाय?"

"यंत्र, मावशी."

"यंत्र चालनार हाय का पट्ट्यावर?"

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फॉर्म भरला. नाव कमी करण्याचं कारण निवडायला तीन चौकटी होत्या. आजारपण. गाव सोडले. पालकांचे असहकार्य. तिने तिसऱ्या चौकटीत खूण केली. बाईंनी ते तिला मोठ्याने वाचायला लावलं. मेहताबबी बाकावर बसून नातीच्या नडग्या चोळत होती. ही म्हातारी गेली सात वर्षं दिवसातून दोनदा त्या पायांना तेल चोळत होती. तिचं असहकार्य.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी जेम्ससमोर भाकरीचं ताट ठेवलं. त्याने मान वळवली. "तुज्या हाताला खोबरेलाचा वास येतोय."

"जेव की."

"माज्या डोक्याला तर तू थेंब लावत न्हाईस. कुनाचं लाड चाललेत?"

बाईंनी हात नाकाशी नेला. सकाळी इन्शाच्या डोक्यावर स्पंज दाबून धरलेला हात. दवाखान्यातून निघताना साबणाने धुतला होता, तरी वास होताच. त्यांनी त्याला लाल दिव्याचं सांगितलं, स्पंजाचं, वायरींचं. जेम्स घास चावत होता. त्याला वेळ लागतो.

"रेबे," तो शेवटी म्हणाला, "खांबावरल्या डीपीत तेल कशाला भरत्यात गं?"

"मला काय विचारतोस?"

"करंट हिकडचा तिकडं जाऊ नये म्हनून. तेलातनं करंट जात न्हाई. मोबाईल तेलात पडला तर मी आदी काय करतो? पुसतो." तो थांबला, मग हसला. "लई मोठं यंत्र आनलंय पुन्यावरनं. एका वाटी खोबरेलानं बंद पडलं."

बाई हसल्या नाहीत. त्या मला नंतर म्हणाल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तो गुरुवार आला. कोरडे, उडालेले केस आणि हिरवा दिवा. आणि मग त्यांचंच वाक्य, उद्यापास्नं नीट आवरून आणायची.

बुधवारी ड्युटीच्या आधी, साडेसहाला, त्या भिंगारला मेहताबबीच्या दारात उभ्या होत्या. दिलावर डबा घेऊन निघतच होता.

"काय झालं मावशी? पोरीला काढलं म्हणतात ना?"

"तू कामावर जा. तुज्या पोरीचं डोकं धुवायला आलेय."

मेहताबबीने बादली दिली, शाम्पू दिला, पण बाईंनी तिसऱ्यांदा धुवायला घेतलं तेव्हा तिने हात धरला. "बाई, केसांचा पार कुंचा होईल. असं न्यायचं का पोरीला चार लोकांत? बिनतेलाचं? ज्याच्या घरात कुणी मेलंय त्याचं लेकरू असं हिंडतं."

"रोज किती घालत हुता?"

"शुक्रवारी वाटीभर. डोक्यात करंट घालतात म्हटल्यावर डोकं तापणारच ना? तेलानं थंड ऱ्हातं. मग ती डॉक्टरबाई म्हणाली यंत्र बसत न्हाई. मला वाटलं केस उडतात म्हणून बसत न्हाई. मग अजून घातलं, चापून."

बाई फरशीवर बसल्या. "माजंच चुकलं, बी. मीच सांगितलं हुतं तुमाला."

"तुम्ही काय वाईट सांगितलं?" मेहताबबी म्हणाली. "लेकरू आवरून आणा म्हणालात."

दहा वाजता इन्शा कोरड्या, भुरभुरत्या डोक्याने काचेच्या खोलीत बसली. बाईंनी निकिताला बटण दाबायला लावलं. हिरवा. पाच मिनिटं वाट पाहिली. हिरवाच. निकिताने कपाटातून इंग्रजी फाइल काढली, पानं उलटली आणि सातव्या पानावर तिचं बोट थांबलं. केसांना तेल लावू नये, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. पालकांना दिलेल्या मराठी कागदावर ते आलं नव्हतं. मराठी कागद दोन पानांचा होता.

"मी वाचलं होतं, मावशी," ती म्हणाली. "पण तेल दिसलंच नाही मला. सगळ्यांच्याच डोक्याला असतं."

मग त्या दोघींनी नाव कमी केलेली आणखी तीन मुलं आठवून पाहिली. पाथर्डीकडच्या भिमाजीचा मुलगा, आईने घरून येताना तेलाची बाटलीच बरोबर आणलेली. श्रीगोंद्याची एक मुलगी. जामखेडच्या एका आजोबांचा नातू, ज्याचं डोकं आजोबा दवाखान्याच्या आवारात तेलपाणी लावून पुन्हा विंचरायचे. तिघांच्याही नावासमोर तिसरी चौकट. जी मुलं टिकली त्यांतली बरीचशी केस बारीक कापलेली, किंवा ज्यांच्या डोक्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं अशी. चार घरांनी पोरांना नटवून आणलं आणि चार घरं कागदावर नालायक ठरली. मी खांद्याचा व्यायाम करायला आलेला माणूस. पण त्या दिवशी ते चाक मला दुखेपर्यंत फिरवावंसं वाटलं.

दुपारी सर आले. उंच, थकलेले, सभ्य. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मराठी कागद वाचून त्यांचा चेहरा पडला. उद्याच्या उद्या सूचना मोठ्या अक्षरात लावा, म्हणाले. इन्शाला मात्र परत घेता येणार नाही.

"का पन?" बाईंनी विचारलं.

"एकदा बंद झालेली फाइल उघडली तर कुणी म्हणेल, सोयीची मुलं आत घेतली. मग सगळ्या मुलांची मेहनत वाया जाईल. तिला पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कवा?"

"सात-आठ महिने."

"सात-आठ महिन्यांत गुडघा बसतो, सर. वाकलेला तो वाकलेलाच ऱ्हातो. माज्या भावाचा बसला. तुमच्या टप्प्याचं त्याला काय ठाव?"

सरांनी फाइल मिटली.

"बरं, ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या. "मग त्या म्हातारीचं नाव तरी खोडा. असहकार्य म्हनं. ती रोज पोरीला कडेवर घेऊन घरचे दोन जिने उतरती. लिवा तिथं, की आमी तेलाचं सांगितलं न्हाई."

"फॉर्ममध्ये तशी चौकट नाही, मावशी."

"न्हाई?"

"तीनच कारणं आहेत. फॉर्म आधी मंजूर झालेला असतो."

बाईंनी फॉर्म हातात घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तीन चौकटींवरून तीनदा बोट फिरवलं. "म्हंजी लेकरू आजारी पडू शकतं, गाव सोडू शकतं, आईबाप वाईट असू शकत्यात. तुमी चुकू शकत न्हाई. त्याला जागाच ठेवली न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. फॉर्मच्या मागे टिपण जोडतो, म्हणाले. ते जोडलं असेल. मागचं टिपण कोण वाचतं?

निघताना त्यांनी यंत्राच्या डब्यावर हात ठेवला. "अभ्यासाचं साहित्य बाहेरच्या मुलासाठी वापरायचं नाही, एवढं बघा."

"डबा तुमचा हाय, सर. घेऊन जा पुन्याला," बाई म्हणाल्या. "पट्टा कुनाचा?"

"म्हणजे?"

बाई वाकल्या आणि ट्रेडमिलच्या कडेचा धुळकट पितळी पत्रा पदराने पुसला. त्यावर नऊ वर्षांपूर्वीचं साल होतं आणि नगरच्या एका व्यापारी मंडळाचं नाव, रुग्णसेवेसाठी भेट. "ह्यो मी, रंगनाथ वॉचमन अन् दोन वॉर्डबॉय, चौघांनी उचलून आत आनलाय. झोळीचा हूक बी तवाचाच. तुमी आला अन् भोवती काच लावली."

सरांनी वाकून पत्रा वाचला. "एक ते दोन आमची वेळ नसते," ते म्हणाले. "त्या वेळात दवाखाना काय करतो ते मला विचारू नका. मीही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी माझं चाक साडेदहालाच संपलं, पण मी बाकावर बसून राहिलो. एक वाजता निकिताने ट्रेडमिलची किल्ली गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन दारापर्यंत गेली. तिथून परत आली. "दुसरा पाय मी धरते," म्हणाली. डबा तिने खिडकीत ठेवला.

मेहताबबीने इन्शाला आत आणलं. भांग सरळ, वेण्या घट्ट, रिबिनी लाल, डोकं आरशासारखं. "आज चालंल ना बाई, तेल?" तिने घाबरत विचारलं.

"वता. बाटली वता."

स्पंज नाहीत, वायर नाही, कुठलाही दिवा नाही. झोळी वर गेली. पट्टा सरकू लागला आणि इन्शा कात्री घालत, अडखळत चालू लागली. आठवडाभराच्या खंडाने पहिल्या दिवशीचं निम्मं गेलं होतं. पाऊल पुन्हा चवड्यावर. बाई स्टुलावरून पुढे झुकल्या होत्या, एका कानाला मोबाईल खांद्याने दाबलेला. त्या भिमाजीला फोन लावत होत्या. तिसऱ्यांदा उचलला.

"भिमाजीभाऊ, पोराला घेऊन या. तेलाचं हुतं सगळं. तुमचं काय चुकलं न्हवतं."

तिकडून काय आलं ते त्यांनी फोन ठेवल्यावर सांगितलं, पट्ट्यावरची नजर न काढता. "न्हाई येत म्हनतो. म्हनला, आमी पदरमोड करून दोन एसट्या बदलून येत हुतो अन् तुमी आमालाच नावं ठेवली. बायको म्हनती आता त्या दवाखान्याची पायरी न्हाई चढायची." "ऐक, निकिता. ह्यो पोरगा त्यांच्या हिशोबात कुठं बसंल गं? यंत्राचा गुन आलेल्यांत, का न्हाई आलेल्यांत?"

निकिताने पायावरची पकड घट्ट केली. उद्या तो अभ्यास छापून येईल. त्यात एक ओळ असेल, चार मुले पालकांच्या असहकार्यामुळे वगळली. ती ओळ जगात कुठेही वाचली जाईल आणि वाचणारा मान हलवून पुढच्या ओळीवर जाईल. यंत्र कदाचित खरंच उपयोगी असेल. असू दे. मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे आणि ती बदलायला माझ्याकडे काही नाही.

"मावशी," इन्शा वरून म्हणाली, "तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"गप. खाली बघ. टाच कुठाय?"

"येतेय."

"कवा येतेय? मी म्हातारी झाल्यावर?"

मेहताबबी काचेला नाक लावून उभी होती. बाईंनी एका हाताने घोटा धरला, दुसऱ्याने गुडघ्यामागे दाब दिला, निकिताने दुसरा पाय मागे ओढून ठेवला. पाऊल पट्ट्यावर आलं, चवडा आधी, मग कडा. मग बाईंच्या तळव्याखालून ती टाच सावकाश खाली उतरली आणि टेकली.

"गार लागला," इन्शा म्हणाली.

"लागंलच," बाई ओरडल्या. "दुसरी!"